मंगळवारच्या आत परत

४ जाने., रवि.
यांचं डायलिसिस मंगळ, गुरु, शनि. मधल्या दिवसात जाऊन परत येता येईल तेवढंच आता आमचं जग. आधी फटफटीवर पचमढी, चिखलदरा, मनात आलं की निघालो. पुरीचा समुद्र तेवढा राहिला. डॉक्टर म्हणतात, तिकडंही डायलिसिस होते, आधी जवळचं करून पाहा. म्हणून सावनेरले सुमीकडे. सख्ख्या बहिणीचं घर, परकं थोडीच.

११ जाने., रवि.
पोचलो. हे रस्ताभर गाणं गुणगुणत होते. पाणी मोजून देऊन राहिली होती, तर म्हणे, "आज तरी नर्सबाई नको होऊ वं."

१२ जाने., सोम.
पाव्हण्याले बागेतलं संत्र खाऊ घातल्याबिगर जाऊ देत नाहीत ते लोक. संत्र्यातलं पोटॅशियम अंगात साचते म्हणून यांले एक फोडही चालत नाही, सगळ्यायले बजावलं होतं. मी अंघोळीले गेली अन् सुमीच्या सासूनं सोलून दिली. "घरच्या झाडाचं आहे, दवाई नाही मारली, काय होते?" चार खाल्ली यांनी! दुपारी पाय उचलेनात, छातीत धडधड. गाडी करून थेट नागपूर, दवाखाना. यांचा हात धरून बसली होती अन् मनातल्या मनात यांनाच शिव्या...

१५ जाने., गुरु.
वाचले.
हे म्हणे, "आता कुठंच नाही. पुरी कॅन्सल." तिकीट काढलंच कुठं होतं!
काहून खाल्ली हो?
"चव पाहावीशी वाटली."
रागही आला, रडूही आलं.

२५ जाने., रवि.
सुमीच्या भिशीच्या बायका पुरीले चालल्या. एक सीट रिकामी. हे म्हणे, "तू जाय ना वं. मले व्हिडिओ कॉल कर." डोकं फिरलं का तुमचं, म्हटलं, इथं कोण पाहीन तुमच्याकडे? "माझा भाऊ येते राहाले." म्हणजे मले न विचारता सगळं ठरवून बसले.

३ फेब्रु., मंगळ.
डायलिसिसच्या बाहेर, बाकावर. उद्या गाडी. बॅग अर्धी भरली.
सगळ्यायले सांगून राहिली, हेच ढकलून राहिले, मी कुठं जाते.
खोटं आहे. मले जायचं आहे. समुद्र गेला खड्ड्यात. चार राती कोणाचा श्वास चालू आहे का, ते उठून पाहायचं नाही मले.
आता आत गेली होती. नळ्या लावलेल्या, डोळे मिटलेले. म्हणे, "शाल घेतली का? ट्रेनमंधी थंडी वाजन."
घेतली म्हटलं. घेतली नाही अजून.