चटईवरच्या बाईचं फीड

३ ऑक्टोबर २००८, वडसा

नाटक कंपनीच्या मालकानं आज बाबांना तोंडावर सांगितलं म्हणे! यंदा खलनायकाचा पार्ट नागपूरच्या नव्या पोराला. "देवाजीभाऊ, तुमाले आता मंडळवाले मांगत नाई." बाबा घरी आले, जेवले, झोपले.

माझ्या जन्माच्या आधीपासून हा माणूस झाडीपट्टीच्या स्टेजवर सुना छळतो, भावाला विहिरीत ढकलतो, शेतं बळकावतो. चटईवर बसलेल्या बाया कडाकडा बोटं मोडतात. तेच त्याचं बक्षीस! आणि आता म्हणे नागपूरचा पोट्टा. तोंड तर पाहा त्याचं, पेढ्यासारखं.

दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा आणि रात्रभर नाटक. त्याआधी गावागावांतले मंडळवाले वडशात येतात, नाटक कंपन्यांच्या ऑफिसात बसून नाटक ठरवतात. त्यांनीच "देवाजी पाहिजे" म्हटलं, तर लटारूभाऊ मालक असो की मालकाचा बाप, ऐकावंच लागेल! एवढंच जमवायचं आहे.

४ ऑक्टोबर

मी काम करते त्या इंटरनेट कॅफेत दुपारी गिऱ्हाईक नसतं. ब्लॉग काढला — 'झाडीपट्टीचा पडदा'. माझं नाव: चटईवरची बाई. मुलीनं बापाचं कौतुक केलं तर कोण विचारतं? म्हणून शिव्या दिल्या!

लिहिलं — "हा देवाजी माणूस नाही, विंचू आहे. मागच्या साली आरमोरीला याला बघून माझी जाऊ तापानं फणफणली. मंडळवाल्यांनो, याला पुन्हा आणलं तर याद राखा!"

मला जाऊ नाही. लग्नच नाही तर जाऊ कुठून येणार?

७ ऑक्टोबर

वाचक वाढले! मग कळलं, मीच दहादा उघडून बघत होते.

८ ऑक्टोबर

चूक सापडली. मी मथळे दिले होते 'एक अनुभव' आणि 'मनातलं'. असलं कोण शोधतं? आता मथळा — 'वडसा झाडीपट्टी नाटक, खलनायक देवाजी'. खाली तेच इंग्रजी अक्षरांतही टाकलं, कारण पुण्यात गेलेली आपली पोरं मराठी टाईप करत नाहीत. आणि ईमेलचं फीड चालू केलं. नवीन लिहिलं की नाव नोंदवणाऱ्याच्या मेलमध्ये आपोआप जाऊन पडतं. सुरुवातीच्या चार ओळीच जातात. बाकी वाचायला ब्लॉगवर या!

मी चार ओळी मुद्दाम शिवीच्या तोंडाशी तोडते. "हा देवाजी म्हणजे एक नंबरचा…" बस. झक मारत येतात लोक.

१३ ऑक्टोबर

पुण्याहून कोणा प्रफुलची कॉमेंट. जोगीसाखऱ्याचा पोरगा, कंपनीत कामाला. "बाई, ऑफिसात ब्लॉग बंद आहे, फक्त मेल उघडते. चार ओळीत जीव टांगून ठेवता, मग दिवसभर कामात लक्ष लागत नाई. फुल फीड द्या ना! आम्ही सात जण आहो गावचे. मंडईले येऊन राह्यलो. हा विंचू पाह्याचाच हाये."

हिशोब डोक्यात लख्ख झाला. गावात ब्लॉग कोण वाचतो? कोणी नाही. पण मंडईला वर्गणी पाठवतात ती ही बाहेरची पोरं. आणि नाटक कोणतं आणायचं हेही तीच फोनवर सांगतात! घातला खड्ड्यात तो वाचकांचा आकडा. फुल फीड दिलं, आता अख्खा मजकूर मेलमध्येच.

२० ऑक्टोबर

एकानं दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्यानं ऑफिसभर. गुगलवर झाडीपट्टी टाकलं की चटईवरची बाई पहिली! बाबांवर रोज नवीन आरोप करते आहे. आज लिहिलं की ते स्टेजवर हसले की गावातल्या म्हशी दूध चोरतात. हसून हसून कीबोर्डवर पडले.

२३ ऑक्टोबर

जिंकलो! मंडळवाले ऑफिसात आले की पहिला प्रश्न — "तो विंचू हाये ना तुमच्यात?" लटारूभाऊ स्वतः घरी आले, आईच्या हातचा चहा पिऊन गेले. पार्ट बाबांचा. पेढ्याला पोलिसाचा पार्ट दिला.

बाबा मिशीला पीळ देत मला म्हणाले, "पाह्यलं? लोक इसरत नाई, नंदिनी!" मी कशीबशी गंभीर राहिले.

४ नोव्हेंबर

मंडई सुरू. काल जोगीसाखऱ्याला प्रयोग. मी गेले, बायांमध्ये चटईवर बसले.

बाबांची एंट्री. आणि शिट्ट्या! टाळ्या! "विंचू! विंचू!" पुढे बसलेल्या पोट्ट्यांनी कोळशानं बाबांसारख्या मिशा काढलेल्या. बाबांनी सुनेचे केस धरून फरफटत आणलं, तर लोक पोट धरून हसत होते. कोणीतरी ओरडलं, "म्हशी सांभाळा रे!" माझंच वाक्य. बाजूची म्हातारी म्हणाली, "लय मजा करते बाप्पा हा माणूस."

एकाही बाईनं बोटं मोडली नाहीत. मी मोडून पाहिली. एकटीच्या बोटांचा आवाज किती बारीक येतो!

५ नोव्हेंबर

बाबा सकाळपासून ओसरीत बसून. आईनं विचारलं, "काऊन असे बसले? एवढी गर्दी होती म्हने!"

"हसले माह्यावर," बाबा म्हणाले. "मालक खुश हाये. म्हने, असंच हसवत राहा." मग, "अंजना, मी लोकाईले भेव दाखवतो वं. मले दुसरं काई येत नाई."

मी आत जाऊन रडले. काय करून बसले मी हे!

६ नोव्हेंबर

ब्लॉगवरचं सगळं लिखाण पुसून टाकलं. काय उपयोग? फुल फीड! प्रत्येक ओळ पोरांच्या मेलमध्ये पडून आहे. प्रफुलनं तर छापून मंडईत वाटली म्हणे. गेलेलं मेल परत बोलावता येत नाही.

८ नोव्हेंबर

आणखी दोन प्रयोग झाले. तेच. बाबा आल्यावर जेवत नाहीत. आज मी सगळं सांगितलं. चटईवरची बाई मीच, विंचू मीच, म्हशीपण मीच.

बाबा म्हणाले, "माहीत होतं. एंट्रीच्या आधी मी इंगेत, पडद्याच्या बाजूले, पाया पडतो, असं लिवलं तू. चटईवरून इंग दिसते का?" रागावले नाहीत. उलट विचारलं, "ते पुण्याच्या पोट्ट्याईले सगळ्याईले एकदमच जाते का वं? एका झटक्यात?"

हो म्हटलं.

९ नोव्हेंबर

बाबा कॅफेत आले, पहिल्यांदाच. बाजूला खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लिव. देवाजी मेला."

मालकाशी ठरवून आले होते! परवापासून दुसरं नाव, दुसरा पेहराव; विंचू ओळखूच आला नाही तर लोक हसणार कशाला! आईलाही सांगून झालं होतं. आई म्हणाली म्हणे, "फोन आले तं मी रडनार नाई. पार्ट तुमचा, मी काऊन करू?"

लिहिलं. पाठवलं. गेलं सगळ्यांना.

घरी आल्यावर बाबांनी आरसा खिडकीत टेकवून वस्तऱ्यानं मिशी उतरवली. त्या उघड्या ओठाचा माणूस मी कधी पाहिलेला नव्हता. तो आरशातून माझ्याकडे वळला, नुसता बघत राहिला. आईशप्पथ, मी दारामागे गेले!