बिब्याचा खांदा

२० डिसेंबर
केनवडहून परतले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता हिरवी पट्टी लावून साऱ्या घरावर हुकूम चालवते. मेडशीला उतरले तर पुढची गाडी नाही. पिशव्या घेऊन ताटकळत बसले.
घरी आल्यावर आधी गोठ्यात. लाल्या नि कबऱ्या, दोन्ही बैल तुकतुकीत. शिंगांना तेल, खुरं साळलेली. मी नसताना यांनी एवढं केलं, हे आमच्या संसारात प्रथमच. विचारलं तर म्हणाले, काम नव्हतं, बसल्या बसल्या केलं. माणूस सुधारतो कधी कधी.

२७ डिसें.
शंकरपटाची बैठक, यंदाच्या बैलांच्या शर्यती ठरवायला. मारुतीच्या ओट्यावर सगळे. यंदाही 'घरचा गट' ठेवणार. मोठ्या पटात बाहेरचे शौकीन येतात, बैलांना दूध-अंडी खाऊ घालून नुसतं पळवायलाच पोसलेले. आपल्या वावरात राबणारी जोडी त्यांच्यापुढे काय टिकणार? म्हणून हा गट वेगळा. जोडी घरच्या वावरात राबलेली पाहिजे, आजवर कुठल्या मोठ्या पटात धावलेली नको, आणि हाकणारा घरचाच, मजुरीचा नाही.
मी म्हटलं, आमची जोडी मी हाकणार. मागे कोणीतरी खुसखुसलं. नामदेवकाका (तेच दरवर्षी बैलांचे खांदे तपासतात, सगळ्यांत वडील पंच) म्हणाले, "हाकणारा घरचा पाह्यजे. बाई काय घरची नसते?"
विषय संपला. हे मफलरमध्ये तोंड खुपसून बसले होते. घरी येताना म्हणाले, जोडी चांगली धावंल पाहाजो. एवढा भरवसा कुठून आला देव जाणे. मला मात्र फार बरं वाटलं.

५ जाने.
रोज पहाटे जोडी हलक्या छकडीला जुंपते. लहानपणी बाबांनी शिकवलं ते हाताला आठवतं, डोक्याला नाही. कबऱ्या उजवीकडे ओढतो. लाल्या शहाणा आहे, तोच त्याला ओळीवर आणतो. आवाज टाकला की दोघं असे सुटतात की माझाच पदर मागे राहतो.
शेजारच्या वावरातून गजानन भाऊजी पाहत होते (यांचे चुलत भाऊ. इथं पुढं ग. लिहीन, त्या माणसावर एवढी शाई नको). ग. नं पण जोडी आणलीय म्हणे, दिवाळीच्या सुमारास, कुठून ते सांगत नाही. झूल टाकून झाकून ठेवतो. रेखा, म्हणजे त्याची बायको, माझी जाऊ, विहिरीवर भेटली. तिला विचारलं तर म्हणे, मला काय माहीत, मी तर शेण काढते फक्त.

१४ जाने.
संक्रांत. रेखा वाण घेऊन आली नाही. दरवर्षी पहिली तीच येते.
ग. ची जोडी पाहिली आज, झूल काढलेली होती. पांढरीशुभ्र, लांब पायांची, कानांची टोकं सुईसारखी. वावरात डवऱ्या-वखराला जुंपलेली बैलं अशी दिसतात होय? यांना म्हटलं, ही घरची जोडी नाही, पळवायची आहे, खांदा पाहा म्हणावं तिचा. वर्षानुवर्षं जू वाहून मानेवर जो जाड घट्टा येतो तो रातोरात येत नाही. हे म्हणाले, आपल्याला काय करायचं, आपण आपलं पाहावं.
नेहमी दुसऱ्याच्या बांधावर बोलणारा माणूस. आज एकदम साधू.

२४ जाने.
जिंकलो.
अक्षर धड येत नाही. तरी लिहिते, नाहीतर उद्या सगळं सांगून सांगून शिळं होईल.
सकाळी खांदे पाहिले. नामदेवकाका एकेका बैलाच्या मानेवरून तळवा फिरवतात, डोळे मिटून. आमच्या दोघांवर हात ठेवला आणि लगेच मान हलवली. लाल्याचा घट्टा तर दशम्या थापाव्यात एवढा. ग. च्या जोडीवरही काकांनी हात फिरवला. काळा, टणक घट्टा होता. काका पास म्हणणार तेवढ्यात बैलानं अंग चोरलं, मागे सरला.
घट्टा दुखत नाही. तो चपलेच्या टाचेसारखा असतो. मी पुढे गेले, हात लावला. गरम. कडेनं पिवळं पाणी सुटलेलं. बाबा तळपायाच्या भेगांना बिबा लावायचे, तो एकदा उतला होता, तेव्हा अगदी अस्सं झालं होतं. मला सगळं कळलं. बिब्याचं तेल लावून कातडी जाळली होती त्यानं. खोटा खांदा उठवला होता.
मी मोठ्यानं बोलले. लाऊडस्पीकरवाल्यानं माईक पुढे केला तर माईकवर बोलले. "काका, हा जुवाचा घट्टा न्हाई, हा बिबा हाय. हात लावून पाहा, बैल कसा करून राह्यला." साऱ्या पटानं ऐकलं. काकांनी पुन्हा हात लावला, आणि ग. च्या तोंडाकडे पाहिलंच नाही, जोडी बाद म्हटलं. दोन वर्षं बंदी. ग. उलटून बोलेल असं वाटलं होतं. नुसता माझ्याकडे पाहत राहिला, मग यांच्याकडे, मग बैल घेऊन गेला.
आमचा नंबर आला. जोडी काय उभी राहिली! बाकीच्यांची बैलं गर्दीला बुजत होती, दोघादोघांनी धरावी लागत होती. आमची शांत. मागच्या पायांवर किंचित बसून, कान पुढे, झेंडीकडे डोळे. बाजूचा एक म्हातारा म्हणाला, "वैनी, पैल्यांदा धावून राह्यली असं वाटत नाही." मी म्हटलं, मेहनत आहे, आजोबा.
मग झेंडी. पुढचं आठवत नाही. धूळ, आणि कोणीतरी ओरडत होतं. नंतर कळलं मीच.
ढाल हातात घेतली तेव्हा बाबा हवे होते. रडले. हो, रडले सगळ्यांसमोर.

२६ जाने.
झेंडावंदनाला गेले तर शाळेच्या बाईंनी पुढच्या रांगेत बसवलं. पेपरात फोटो. पदर कमरेला खोचलेला, केस विस्कटलेले, आई बघून म्हणेल ही कोणाची अवदसा.
पोरं ग. ला 'बिबा' म्हणतात. तो रस्त्यानं निघाला की झाडामागून, बिबाऽ. मी हसले. चांगली पोट धरून हसले.

९ फेब्रु.
ग. ओट्यावर येत नाही. रेखा विहिरीवर माझी पाळी असली की घागर तशीच ठेवून जाते. जाऊ दे. बैलाला जाळायचं आणि वर तोरा. मला तिची नाही, त्या मुक्या जनावराची दया येते.
हे तुरीच्या मळणीत. बोलणं कमी झालंय यांचं. मी जिंकले ते पचलं नाही की काय, असं वाटून जातं.

२२ फेब्रु.
लिहू की नको.
दुपारी कामरगावकडचा एक माणूस आला. पटाचा शौकीन, जोडी विकता का विचारायला. हे वावरात. मी म्हटलं विकायची नाही, पण पाहा. त्यानं गोठ्यात डोकं घातलं आणि ओळखीच्यासारखा हसला. "हे तं वादळ जोडी हाय. मार्गशीर्षात आमच्या मोठ्या पटात धावली व्हती न. मालकच हाकत व्हते. थोडक्यात नंबर गेला."
मी म्हटलं, तुमची चूक होतेय. तो म्हणाला, चूक कशी होईल, आमच्याकडं जोडी सोडताना घालतात ती शीळ ऐका, आणि दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली. लांबलचक, चढत जाणारी.
लाल्या नि कबऱ्या कडबा खात होते. दोघांनी माना वर केल्या. कान पुढे. मागच्या पायांवर बसले.
तशीच. तशीच बसली होती झेंडीच्या आधी.
त्याला चहा दिला. साखर घातली की नाही आठवत नाही. पिऊन गेला.

२३ फेब्रु.
मार्गशीर्षात मी केनवडला होते, आईच्या उशाशी. शिंगांना तेल. खुरं साळलेली. काम नव्हतं म्हणे.
विचारलं. आधी नाही म्हणाले. मग म्हणाले एकदाच. मग दोन पटांत. मग चिडले, जसं मीच काही केलं. त्यांचं म्हणणं, जोडीत दम आहे का ते पाहायचं होतं, तुझ्यासाठीच पाहायचं होतं. वर, "तिकडं नंबरच नाही आला. हारलेल्या जोडीले कोनी धावली म्हनते काय?"
हे त्यांना खरंच पटलेलं आहे. तेच सर्वांत वाईट.
म्हटलं, मी माईकवर बोलत होते तेव्हा तुम्ही कुठे होता? म्हणाले, तिथंच. हो, तिथंच होते. तंबाखू मळत होते. नवऱ्याच्या हातावरची तंबाखू मला आज दिसतेय, तेव्हा मी बिब्याकडे बघत होते.
माझं एकच होतं या घरात जे मी स्वतः केलं. तेही यांनी आधीच उष्टं करून ठेवलं होतं.

२८ फेब्रु.
पाच दिवस बोलले नाही यांच्याशी. भाकऱ्या करते, ताट सरकवते. जोडीला मात्र रोज हात फिरवते. त्यांचा काय दोष. त्यांना शीळ कळते, नियम कळत नाही.
कमिटीचा निरोप आला. महिला दिनाला ओट्यावर सत्कार, साडीचोळी, आणि तेव्हाच पुढच्या वर्षीचे पंच ठरणार. नामदेवकाकांना आता नीट दिसत नाही, हातही कापतो. खांदे पाहायचं काम त्यांना मला द्यायचंय. काकाच म्हणाले म्हणे, त्या बाईचा हात खरा आहे.
निरोप ऐकून हे म्हणाले, आता कशाला उकरून काढतेस, सगळं छान चाललंय. मी ताट आपटलं. वरण भिंतीवर उडालं. पुसलं नाही, राहू दे.

५ मार्च
ग. च्या बैलाचा खांदा पिकला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. रेखाच्या रडण्याचा आवाज बांधापर्यंत येत होता. न राहवून मी गेले.
रेखानं वाट अडवली नाही, पण या पण म्हटलं नाही. बैल बसलेला. मानेवर हळद भरलेली, तरी माश्या. ग. जनावराशेजारी उकिडवा, हातात फडकं. मी उभी राहिले. काय बोलायचं ठरवून गेले नव्हते. तोंडातून आलं ते हे, की आमची जोडी मार्गशीर्षात धावली होती, मला आत्ता कळलं.
तो माश्या हाकलत राहिला. मग म्हणाला, "मी व्हतो न त्या पटात. भाऊले पाह्यलं म्या."
विचारलं, मग त्या दिवशी काहून बोलले नाही भाऊजी? तुमच्याही हातात माईक आला असता.
त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं होतं.
"तुमी एवढ्या जोरानं बोलल्या, वैनी. मले वाटलं तुमाले सारं माईत हाय. माईत असून जो एवढ्या जोरानं बोलते, त्याच्यासंग कोन भांडते?"
मग पुन्हा बैलाकडे वळून म्हणाला, आता मी सांगितलं तरी कोण ऐकेल, बिबा बोलून राह्यला म्हणतील. आणि माझं पाप कमी होत नाही त्यानं, हे जनावर तर मीच जाळलं.
रेखानं निघताना पाणी दिलं. प्यायले. ग. ऐवजी इथून पुढं गजानन भाऊजी लिहीन.

७ मार्च
गाव मला काय म्हणेल याचाच विचार. तिला माहीत होतं म्हणतील. भाऊजीला तसं वाटलं तर गावाला का वाटणार नाही? खरं सांगितलं तर खोटी ठरते, गप्प बसले तर खऱ्याची पंच. पुढच्या वर्षी डोळे मिटून लोकांच्या बैलांच्या मानेवर हात फिरवायचा, आणि पास की बाद ते सांगायचं.
आईला फोन केला. नुसतं विचारलं, डोळा कसा आहे. म्हणाली, चष्मा आला, आता सगळं लख्ख दिसतंय, भिंतीवरची जळमटंसुद्धा.
हे संध्याकाळी हळूच म्हणाले, उद्या मी येऊ का संगं? मी म्हटलं, या. मागं नका उभे राहू. पुढं उभे राहा.
हे उठले, धोतर भिजत घातलं.

८ मार्च, सकाळ
अकराला ओट्यावर बोलावलंय. सत्काराची साडी हिरवी आहे म्हणे.
गोठा झाडला. लाल्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. घट्टा खरा आहे. एवढं एक तरी खरं आहे.
टीव्हीवरची ढाल काढली, पुसली. बाजाराच्या पिशवीत घातली. पिशवी लहान पडते, ढालीचं वरचं टोक बाहेर राहतं. रस्त्यानं जाताना सगळ्यांना दिसणार, सत्काराला निघालेल्या बाईनं ढाल कशाला घेतली, विचारणार.
हे दारात उभे आहेत, धुतलेलं धोतर नेसून. पिशवीकडे पाहिलं. वरून टाकायला टॉवेल आणून दिला.
टॉवेल खुर्चीवर ठेवला आहे. अजून अकरा वाजायचे आहेत.