न दुखणारा काचबिंदू

वरसे, ६ मार्च १९९८

ती. मैनाक्कास, मालूचा शि. सा. नमस्कार.

परवा माझा डोळा असा ठणकला की कपाळ फुटेल वाटलं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, ओकाऱ्या झाल्या. शेजारीण पित्त म्हणाली. यांनी ऐकलं नाही, थेट डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू निघाला. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर पडायची वाट एकाएकी बंद होऊन दाब चढला होता. लेझरने वाट केली, नजर वाचली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसरा प्रकार याहून लबाड. त्यात वाट उघडी दिसते, पण पाण्याचा निचरा हळूहळू कमी होतो. दुखत नाही, लाल होत नाही, नजर कडेकडून जात जाते. सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं. अक्का, पेणला डोळे दाखवायला जाच.

तुझी, मालू

जोहे, १९ मार्च

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद.

तुझं सगळं लहानपणापासून वाजतगाजत, आजारपणसुद्धा! मला काय धाड भरलीय? कारखान्यातल्या गणपतींचे डोळे अजून मीच आखते, सुईत दोरा ओवते. परवा बाजूचा रंगाचा डबा तेवढा कोपराने सांडला. दिसलाच नाय. विठू हसला, आई म्हातारी झाली म्हणून. त्याला दोन शब्द सुनावले. तू पथ्य सांभाळ.

तुझी अक्का

वरसे, २४ मार्च

ती. अक्कास सा. नमस्कार.

त्या डब्याने माझी झोप उडवली. रागाव, पण जा. नाहीतर शनिवारी येऊन हाताला धरून नेईन.

मालू

जोहे, ३० एप्रिल

चि. सौ. मालूस आशीर्वाद.

गेले एकदाची. डाव्या डोळ्याची कड पार गेलीय, उजव्याची थोडी. तुझा नाय, तो लबाड प्रकार. गेलेली नजर परत येत नाय, उरलेली थेंबांनी राखायची, जन्मभर. 

घरी येताच विठू म्हणाला, आखणी आता सुनेला दे. मी सांगितलं, समोरचं मला लख्ख दिसतं आणि देवाचे डोळे समोरच असतात. कुंचला सोडणार नाय. सुनेलाही शिकवीन, पण माझ्या शेजारी बसवून.

मग पेणला तपासायला न्यायला गावातल्या सहा आखणीवाल्या बाया गोळा केल्या. त्यातल्या कृष्णाबाईच्या नवऱ्याने वाटेत अडवलं, दुखत नाय तर डॉक्टर कशाला? मी म्हटलं, दुखेपर्यंत थांबले म्हणून माझी कड गेली. हिची जाऊ देणार नाय. बाजूला व्हा. एसटीत तिला मीच चढवलं.

सहाजणींत तिलाच काचबिंदू निघाला. पण सुरुवातीचा, नजर अजून पुरी शाबूत. पेणच्या स्टँडवर ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी नाय रडले. पुढच्या सोमवारी खालच्या आळीतल्या बाया नेतेय. त्यांच्या नवऱ्यांनी वाट अडवून बघावीच.

माया ठेव.

तुझी अक्का