बगळाछाप चहाची हजार कुपनं

वारंगा फाटा, ता. कळमनुरी, जि. परभणी
दि. ३ फेब्रुवारी १९७४

चि. रामजीस जनकाअक्काचा जयभीम व अ. उ. आ.

वि. वि. इकडं सारं ठीक. तुझं पत्र संक्रांतीच्या आधी आलं. त्यात पाऊस किती पडला ते होतं, नारळ किती पडले ते होतं, तुझं काहीच नव्हतं. असो.

एक नवी गोष्ट सांगते. मी टपरीवर ज्या बगळाछाप चहाची भुकटी वापरते, त्या कंपनीनं दिवाळीपासून पाकिटात कुपन घालायला सुरवात केली. पाव किलोला एक. शंभर झाले की स्टीलचं पातेलं, तीनशेला भिंतीवरचं घड्याळ, आन हजार झाले की दोन माणसांना मद्रास-अंदमान जहाजाची सहल. जाऊन येऊन, वर चार दिवस राहणं-जेवण फुकट. जुलैअखेर मुदत. बाकीचे टपरीवाले पातेलं घेऊन मोकळे झाले. माझ्याकडं पातेली चार हायेत. भाऊ एकच हाय आन तो अंदमानात. म्हणून मी हजाराला लागले. आज चारशे बारा झाले. साखरेच्या डब्यात ठेवते, मुंग्या कागद खात न्हाईत.

आता मला नीट सांग. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी, हे मला कळलं. मग प्यायला पाणी कुठून आणता? समुद्र पावसाळ्यात चढतो काय? सिद्धेश्वरच्या धरणावर मी तीन वरस टोपली वाहिली, तिथलं पाणी मी पाहिलं. समुद्र त्याच्या किती पट? जहाजावर चूल पेटवू देतात का? आन तिथं चहा कोण पितं, कसला पितं?

लांबण लावू नको, जेवढं इचारलं तेवढं लिही. माया हाये ती हायेच, पत्र मात्र येत राहू दे.

तुझी
जनका


पोर्ट ब्लेअर
दि. २ मार्च १९७४

ती. अक्कास सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र बावीस दिवसांनी पोचलं. वाचून पहिल्यांदा हसलो, मग जरा घाबरलो.

तुझे सवाल एक एक घेतो. प्यायचं पाणी डोंगरातल्या तलावातून नळानं येतं, गोडं असतं. समुद्र पावसानं चढत न्हाई, पण दिवसातून दोन बार आपल्या मनानं चढतो आन उतरतो. काहून ते मलाही ठावं न्हाई, धक्क्याच्या बांधकामावर मुकादम असून मी रोज त्याच्याच टायमानं काम लावतो. सिद्धेश्वरचं धरण समुद्रात सोडलं तर कोणाला कळायचं पण न्हाई. दिवस इथं लवकर उगवतो आन संध्याकाळी पाचला अंधार पडतो. घड्याळ मात्र तुमचंच, म्हणून सारा गोंधळ. चहा सगळेच पितात, बंगाली, मद्रासी, रांचीवाले, पण तुझ्यासारखा उकळून काळा करत न्हाईत.

पण अक्का, तू येऊ नको. जहाज तीन-चार दिवस हलत राहतं, माणूस आतडी बाहेर येईस्तोवर ओकतो. चूल पेटवू देत न्हाईत. इथं भाकरी भेटत न्हाई, भात आन मच्छी. माझी खोली बी लहान. तुझं वय झालं, उगा तकलीफ. पातेलं न्हाई तर घड्याळ घे.

बरं, शेजारच्या लहान पोराचं पोट सारखं दुखून राहिलं. ओवा किती द्यावा आन कोमट पाण्यात का गुळासंगं, ते तेवढं कळव.

तुझ्या जिवाला जप, आन माझ्यावरचा जीव कमी करू नको.

तुझा लहाना भाऊ
रामजी


वारंगा फाटा
दि. ७ एप्रिल १९७४

चि. रामजीस जयभीम व अ. उ. आ.

वि. वि. पोर पाच वर्षांचं असलं तर चिमूटभर ओवा, गुळासंगं. पाण्यासंगं दिला तर थुंकून टाकतं.

वय झालं म्हणतोस. दुष्काळात मी साऱ्या उन्हाळ्यात खडी फोडली, तवा कोणी वय इचारलं न्हाई. ओकायचं तर ओकीन, समुद्र काही भरून जाणार न्हाई.

कुपनं सातशे साठ झाली. हैदराबाद-नागपूर रोडवरचे डायवर मला रिकामी पाकिटं आणून देतात. लालसिंग म्हणून सेनगावच्या तांड्यातला एक डायवर हाय, तो आदिलाबादपासनं प्रत्येक धाब्यावर उतरून मागून राहिला. म्हणतो की आमचे बापजादे बैलांवर मीठ लादून देशभर फिरले, पण मीठ जिथनं येतं तो समुद्र आमच्यातल्या कोणी पाहिला न्हाई, तू पाहून ये आन खारा हाय का ते चाखून सांग. त्याला म्हणलं, घोटभर पिऊन येते.

पण एक खुट्टी निघाली. मागच्या बुधवारी नांदेडला कंपनीच्या एजंटाकडं गेले. त्यानं फारम दाखवलं. दोन माणसं म्हणजे नवरा-बायकोच, असं छापलेलं हाय. मी म्हणलं, माझा नवरा जाऊन आठ वरसं झाली. तो म्हणला, मग जमणार न्हाई मावशी, त्याबदली शिलाईची मशीन घ्या. मी इचारलं की विधवेला जहाजातून समुद्र दिसत न्हाई काय. तो म्हणला, मद्रासच्या ऑफिसचा नियम हाय. मी म्हणलं, मद्रासला लिहा. तो वरमला, पण लिहायला कबूल झाला न्हाई.

तरी कुपनं जमवणं मी सोडलं न्हाई. तुझ्या डोक्यात काही येतं का बघ. लवकर लिही, आठवण ठेव म्हणून सांगायची येळ आणू नको.

तुझी
जनका


पोर्ट ब्लेअर
दि. ५ मे १९७४

ती. अक्कास सविनय जयभीम.

वि. वि. नियमाचं ऐकून वाईट वाटलं. पण जे झालं ते बरंच झालं म्हण. कंपनीसंगं भांडून डोकं दुखवून घेऊ नको. शिलाईची मशीन लई कामाची असते. टपरीच्या मागं बसून दुपारी चोळ्या शिवशील.

बेटाचं तुला एवढं वेड, म्हणून मीच लिहून पाठवतो. इथं पाणी किनाऱ्याला हिरवं असतं, पुढं निळं, आन जहाजाच्या वाटेवर काळं. तळ दिसतो, तळात रंगीत दगडं असतात, ती दगडं जिवंत हायेत म्हणे. मागल्या इतवारी आमी चौघं, म्हणजे शेजारी धरून, होडीत बसून पलीकडल्या वाळूवर गेलो. खेकडे शंख पाठीवर घेऊन पळत होते. शेजारची पोरगी एकेकाला पकडून नाव ठेवत होती. एकाचं नाव तिनं जनकाअक्का ठेवलं, कारण तो मागं सरतच न्हवता. रागावू नको. तुझं पत्र आलं की पाकिटावरचं तिकीट तीच मागून घेते.

पोराचं पोट ओव्यानं बरं झालं. गुळासंगंच घेतला.

कामाच्या गडबडीत आखडतं घेतो. तुझी सावली डोक्यावर राहो.

तुझा लहाना भाऊ
रामजी


वारंगा फाटा
दि. १ जून १९७४

रामजीस जयभीम.

वि. वि. आशीर्वाद मागून देते, आधी ऐक.

मी गेल्या सोमवारी पुन्हा नांदेडला गेले. जाताना यष्टीत एक गोष्ट डोक्यात आली. जे जहाज मद्रासहून तिकडं जातं, ते माघारी पण येतच असंल. रिकामं थोडंच येतं? एजंटाला तेच इचारलं. म्हणलं, तुमच्या फारमावर जाऊन येऊन लिहिलंय, पण कुठून निघायचं हे लिहिलेलं न्हाई. नवरा-बायको तिकडून निघाले, इकडं आले, परत गेले, तर कंपनीचं काय बिघडलं? चार दिवसाचं राहणं-जेवण पण वाचलं, कारण ते माझ्या घरी राहतील. त्यानं फारम उलटंपालटं करून दोनदा वाचलं. मग म्हणला की हे आजपर्यंत कोणी इचारलं न्हाई. या येळी त्यानं माझ्यासमोर मद्रासला पत्र लिहिलं. मी टपालात पडंपर्यंत तिथंच उभी राहिले.

तर आता फारमावर तुझं नाव घालायचं हाय, आन तुझ्या बायकोचं. नाव लिहून पाठव.

आता कोणती बायको म्हणून वर बघू नको. एवढ्या वरसांत तुझ्या शेजारणीची दोन बाळंतपणं झाली, आन दोन्ही टायमाला डिंकाच्या लाडवाचं माप तू मला इचारलंस. शेजारच्या पोरीला गोवर आला तवा तू आठ दिवस कामावर गेला न्हाईस. शेजाऱ्याचं नाव एकदा तरी लिहिलंस का? तो काय काम करतो, कोणत्या मुलखातला, काही न्हाई. अशा घरात बाई हाय, दोन लेकरं हायेत, आन गडीमाणूस तेवढा न्हाई. मी दुसरी शिकले, पण एवढं मला जोडता येतं.

काहून लपवलंस ते पण लिही. मी अंदाज करून राहिले, पण तुझ्या हातचं पाहिजे. मुदत जुलैअखेर हाय. नाव आलं न्हाई तर जमलेली सारी कुपनं मी चुलीत घालीन, मशीन घेणार न्हाई.

आता आशीर्वाद घे. चौघांनाही.

तुझी
जनका


पोर्ट ब्लेअर
दि. २५ जून १९७४

ती. अक्कास सविनय जयभीम.

वि. वि. तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. काम करताना सिमिटाच्या गोण्या दोनदा चुकीच्या मोजल्या.

तिचं नाव अप्पलम्मा. विशाखापट्टणकडची हाय, बाप इथं मच्छी धरायला आला होता. एकसष्ट साली आमचं झालं. पोरगी नऊ वर्षांची, तिचं नाव पद्मा, आपल्या मायचं. पोरगं पाच वर्षांचं, त्याला मुंजाजी म्हणतो. अप्पलम्माला मराठी येत न्हाई, पण तुझं पत्र आलं की समोर बसते आन मी हिंदीत सांगतो. पत्रात मी तिला शेजारीण म्हणून लिहितो हे तिला मागच्या साली कळलं. त्या दिवशी ती लई रडली, तवापासनं मला शेजारी म्हणूनच हाक मारते.

काहून लपवलं, तर तुला ठावं हाय. तुझ्या नणंदेसंगं, शालूबाईसंगं माझा साखरपुडा झाला होता आन लग्नाच्या पंधरा दिवस आधी मी पळालो. मला घाबरगुंडी सुटली, दुसरं कारण न्हवतं. तुझ्याच सासरची पोरगी. माझ्यापायी तुला सासरी काय ऐकावं लागलं असंल, ते मी कवा इचारायची हिंमत केली न्हाई. वर दुसरी करून बसलो हे कळलं तर तुझ्या दारात शालूबाईसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? दाजी वारले तवाही आलो न्हाई, ते ह्याच भ्यानं.

तुझं बेट बघणं माझ्यामुळं राहिलं, हे अजून एक. तू म्हणशील तसं करतो. पण शालूबाईला इचारल्याबगर फारमावर आमची नावं घालू नको.

तुझ्या मायेला मी लायक न्हाई, तरी मागतो.

तुझा
रामजी


वारंगा फाटा
दि. १८ ऑगस्ट १९७४

चि. रामजी, सौ. अप्पलम्मा, चि. पद्मा, चि. मुंजाजी, साऱ्यांना जयभीम व अ. उ. आ.

वि. वि. मद्रासचं पत्र आलं. मंजूर झालं. डिसेंबरातलं जहाज हाय, पास तुला रजिस्टर टपालानं येतील. लेकरांचं अर्धं तिकीट तू काढ. मद्रासहून रेल्वेनं सिकंदराबाद, तिथं गाडी बदलून नांदेड, नांदेडहून हिंगोलीची यष्टी. फाट्यावर उतरा.

आता शालूचं. तू कवा इचारलं न्हाईस म्हणून मी कवा लिहिलं न्हाई. तू पळाल्यावर आठव्या महिन्यात तिचं लगीन सेनगावला झालं. नवरा शाळेत शिपाई हाय, गरीब हाय, मारत न्हाई. चार लेकरं. मला सासरी दोन वरसं बोल खावे लागले, ते मी खाल्ले. त्यातले निवडक तुला समोर बसवून ऐकवणार हाय, तेवढी तयारी ठेव.

जुलैच्या पंधरा तारखेला एकतीस कुपनं कमी होती. पावसानं नांदेडकडला रस्ता तुटला, डायवरांच्या गाड्या बंद. मी शालूकडं गेले. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, गाळलं काहीच न्हाई. तिनं सुपातले तांदूळ निवडून संपवले. मग इचारलं की फारमावर किती माणसं जातात. म्हणलं, दोन. मग म्हणली की त्या बाईचं नाव आधी लिही, याला एकट्याला बोलवू नको, हा एकटा असला की पळून जातो. आन हसली. मग पदर खोचून गल्लीभर हिंडली आन दोन दिवसांत छत्तीस पाकिटं आणून दिली. पाच उरली, ती लालसिंगला परत दिली. तो पुढच्या स्कीमसाठी आपलं जमवून राहिला.

माझ्या बेटाचं दुःख करू नको. समुद्राचं मी पद्माला इचारीन. ती मला बराबर सांगंल, तुझ्यासारखं अर्धं झाकून न्हाई. मागं न सरणाऱ्या खेकड्याचं पण तिच्याकडूनच ऐकायचं हाय.

एकच सांगते. सतरा वरसं झाली. माझे केस पांढरे झाले, पुढचे दोन दात गेले. तुझं काय काय गेलं मला ठावं न्हाई. फाट्यावर दिवसाला शंभर माणूस उतरतं, मी कोणाच्या तोंडाकडं बघत न्हाई, पैसे देणाऱ्या हाताकडं बघते. तवा दूर उभा राहून, ओळखते का न्हाई म्हणून माझी परीक्षा घेत बसू नको. उतरला की हाक मार. इथं सारा रस्ता मला मावशी म्हणतो. अक्का म्हणणारं कोणी न्हाई. ते ऐकलं की मी हातातलं टाकून बाहेर येते.

बाकी लोभ-बिभ समोरासमोर.

तुझी
अक्का