खळ्यावरच्या कोर्टचं माप

मी, मैना महिपत वेखंडे, वय एक्कावन्न, राहणार मौजे शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी भरीला घातलेलं नाही. पुढच्या महिन्यात हृदयाचं ऑपरेशन आहे, आणि मागे घोळ ठेवून जायचाही आता कंटाळा आला आहे. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. राहतं घर भूमिकाला द्यावं. ती माझा थोरला भाऊ ज्ञानेश्वर याची नात. ज्ञानेश्वरला काही देत नाही. अकरा वर्षं आमचं बोलणं बंद आहे. कारण कलम ४ मध्ये येईल.

कलम २. बँकेतली ठेव ऑपरेशनातून उरली तर भूमिकाच्या शिक्षणाला. शिक्षण म्हणजे टेनिस नव्हे. मी चौदा वर्षं धंदा म्हणून टेनिस खेळले. लोकांना वाटतं विमानं आणि हारतुरे. खरं म्हणजे परक्या गावातली पात्रता फेरी, बेसिनमध्ये धुतलेले कपडे, आणि हरल्यावर तेच ओले कपडे पिशवीत कोंबून पुढच्या गावाची बस. जगात तीनशे सदुसष्टावी होते, तेही तीनच आठवडे. गावच्या सत्कारात "तीनशे सदुसष्टाव्या क्रमांकाने उत्तीर्ण" असं वाचलं गेलं. मी दुरुस्त केलं नाही.

कलम ३. रॅकेटी भूमिकाला. बक्षिसाची मोठी थाळी बाबांचे सोबती लडकू काका यांना. आई तिच्यात तांदूळ निवडायची, तिचा खरा उपयोग तेवढाच झाला.

कलम ४. कोर्ट. बाबा मुंबईच्या एका जिमखान्यात मैदानावर कामाला होते: पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. मी दहा वर्षांची असताना त्यांनी भात झोडायचं खळं वाढवून माझ्यासाठी कोर्ट केलं. जिमखान्याच्या कोर्टची लांबी अंबाडीच्या दोरीने मोजून आणली. इथे जमीन चोपली, शेणाने सारवली आणि ओल्या सारवणावरच खुट्या ठोकून दोरी ताणली. अंबाडी भिजली की आखडते. जन्मभर दोरीने गुरं बांधलेल्या माणसाला त्या दिवशी नेमकं हे आठवलं नाही. कोर्ट दीड हात, म्हणजे छत्तीस बोटं, आखूड झालं.

त्यावर मी पाच वर्षं शिकले. मुंबईला गेले तेव्हा प्रशिक्षक रोज विचारायचे, तुझा चेंडू आखूड का पडतो? दिवाळीत घरी आले, टेप लावला, आणि चार माणसांत बाबांना म्हणाले, "तुमच्या दोरीने माझा हात बिघडवला." ते "बरं" म्हणाले आणि बैलांना पेंढा घालायला गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही टेप लावला नाही. चुकलेलं माप किती वेळा मोजायचं? हात मात्र सुधारला नाही. सामना अटीतटीला आला की चेंडू आखूड. आठ वर्षांनी बाबा गेले तेव्हा मी परदेशात होते, आणि हरत होते.

खळ्यापलीकडचं भाताचं खाचर बाबा असतानाच, ज्ञानेश्वर वेगळा झाला तेव्हा, त्याच्या वाट्याला गेलं. अकरा वर्षांपूर्वी त्याने सरकारी मोजणी आणली आणि म्हणाला, "बाबांनी माजा बांध कोरलाय." मेलेल्या बापाला चोर म्हणतोस? मी गावासमोर त्याला खोटारडा म्हटलं, आणि मोजणीचा कागद फाडला. तो एवढंच म्हणाला, "मी खोटा नाय गो, मैने."

भूमिका रोज सकाळी तोच बांध ओलांडून येते. मी खुर्चीत बसून तिला चेंडू टाकते. माझ्यासारखा तिचा हात चुकीच्या मापावर घडू नये. म्हणून माझ्यामागे कोर्ट नांगरून तिथे भात लावावं. हे तिला सांगितलं तेव्हापासून ती आलेली नाही.

कलम ५. (सहीआधी जोडलेलं.) पहिले साक्षीदार लडकू काका. कोर्टचं सारवण आजवर तेच करत आले. ते म्हणाले, "ऐकल्याबिगर अंगठा लावनार नाय." मी वाचून दाखवलं. कलम ४ संपलं तसा त्यांनी हात वर केला.

"मैने, तू बोललीस त्याच साली तुज्या बापानी खुटी उपटली. दरसाल सारवनाच्या टायमाला रेघ चार बोटा सरकवली, मधली जाली दोन बोटा. मागं तुला उभी रायला जागा पायजे, म्हनून बांधपन तसाच थोडा थोडा कोरला. एकदम फोडला असता तर पोरगा भांडला असता. दोरी मीच धरलेली. सुकी."

"मला का नाही सांगितलं?"

"माप पुरा झाल्यावर सांगू, बोलला."

दुसऱ्या साक्षीदार स्नेहल धानके, शाळेच्या बाई, यांनी टेपचं टोक धरलं. कोर्ट फक्त चार बोटं आखूड भरलं. नववं सारवण व्हायच्या आधी बाबा गेले. मी खळ्यावरच बसून रडले, हेही नोंदवून ठेवते.

कलम ६. नांगरण्याची सूचना रद्द. कोर्ट भूमिकाचं. खेळायचं की नाही ते तिने ठरवावं. कलम १ बदलून घर ज्ञानेश्वरला. तो खरं बोलत होता. मी त्याला गावासमोर खोटं पाडलं, म्हणून हे कलम गावासमोर वाचावं. मी जगले तर मीच वाचीन. उरलेली चार बोटं त्याच्या शेतातली आहेत. ती मी मागत नाही, कोरणार तर नाहीच. मृत्युपत्राची एक प्रत त्याला आजच पाठवते.

शेणवा, दि. २८ नोव्हेंबर २०२५
मैना महिपत वेखंडे (सही)

साक्षीदार:
१. लडकू जैतू भगत (डाव्या हाताचा अंगठा)
२. स्नेहल सुयोग धानके (सही)
३. ज्ञानेश्वर महिपत वेखंडे (सही). दि. ३० नोव्हेंबर. रायलेली चार बोटा खुटी मी सरकवली. टेपचा दुसरा टोक भूमिकानी धरलेला.