रहाटाचे बारा पेन

कुंभार पिंपळगाव
१२ जानेवारी २०२५

चि. मोनालीस आजीचा जयभीम आणि ओंजळभर आशीर्वाद.

वि. वि. आम्ही इथं खुशाल. तू तिकडं जालन्यात जेवून राह्यली का नुसता लाकडाचा भुसा खाऊन, ते कळव. फोन करू नको. कानाला लावला की डबड्यात माशी कोंडल्यासारखं होतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुझी आई वाचते, मी ऐकते; मी बोलते, ती लिहिते. बोललेलं बराबर लिहिते का माझं तोंड धुवून मंग लिहिते, ते कांतालाच ठाऊक. मला अक्षर कळत न्हाई, म्हणून सुनेवर भरवसा ठेवून राह्यले. कोणत्या सासूवर अशी पाळी येऊ नये.

तुझा एक पेन पाच हजाराला गेला म्हणे. अगं, पाच हजारात शेळीचं पिल्लू येतं. दोन वर्षांत दारात चार शेळ्या होतात. पेन कधी व्याला का? घेणाराचं डोकं फिरलं का तुझं, तेवढं नीट समजावून सांग.

दिवाळीला आल्तीस तवा तुला जुनं मुरलेलं लाकूड पाहिजे होतं. मी कणगीमागचा विहिरीचा रहाट दिला. तो चिरला का? बारीक झाला का? जल्दी कळव. काही न्हाई, सहज इचारलं.

माया आहे तशी राहू दे, वाळवी लागू देऊ नको.

तुझी आजी,
चतुराबाई


जुना जालना
२० जानेवारी २०२५

ती. आजीस मोनालीचा सविनय जयभीम.

वि. वि. पत्र मिळालं. जेवते, भुसा फक्त केसात जातो.

किमतीचं ऐक. एका पेनाला मला तीन दिवस लागतात. लाकडाची कांडी चिरायची, मधून पोकळ करायची, लेथवर गोल करायची, मग सहा तऱ्हेच्या पॉलिश कागदानं घासायची. त्यानंतर नखाएवढ्या पटाशीनं वरती नक्षी कोरायची. तीन पेनांतला एक शेवटच्या दिवशी तडकतो, त्याचीही मजुरी बाकीच्या दोन्हींवर बसते. निब बाहेरून आणते, तिचे सहाशे. हा सगळा खर्च मांडला तरी किंमत पुरी होत नाही. उरलेले पैसे कशाचे, ते मलाही सांगता येत नाही. तुझी शेळी बरी, तिचा भाव बाजारात ठरतो.

तुझा रहाट चिरला. बाभूळ आतून लाल निघेल वाटलं होतं, पण पाणी पिऊन पिऊन तिच्यात काळे पट्टे उतरलेत. असं लाकूड मी पाहिलं नव्हतं. दिवाळीपासून त्याचेच पेन करतेय, वर दोरीचा पीळ कोरते. पुण्याच्या एक बाई पेन जमवतात. त्यांना या लाकडाचे बारा पेन हवेत, एकेक आठ हजाराला! आणि सोबत लाकडाची गोष्ट कार्डावर लिहून दिली तर दहा हजार. म्हणजे गोष्टीचे दोन हजार. तेव्हा सांग, विहीर कुणाची होती, पाणी कोण ओढायचं?

हे काम झालं तर माझा स्वतःचा लेथ येतो. आता फर्निचरवाल्यांचा लेथ दुपारी रिकामा असला की मिळतो. मार्चपासून तोही देणार नाही म्हणून त्यांनी सांगितलंय. लेथ नसला तर हे काम बंद.

पहिला पेन कुरियरनं पाठवते. आटे लाकडातच पाडलेत, त्यामुळे झाकण फिरवलं की कुरकुरतं. तेवढं सोडून बाकी नावं ठेव.

रागवायला का होईना, आठवण काढत जा.

तुझी,
मोनाली


कुंभार पिंपळगाव
२८ जानेवारी २०२५

चि. मोनालीस आशीर्वाद.

वि. वि. पेन आला. चांगला आहे. आता पुढचे करू नको. केलेले आणि उरलेलं लाकूड, समदं मिळेल त्या गाडीनं परत पाठव. कारण इचारू नको. तुझ्या त्या बाईला सांग, म्हातारी फिरली.

चतुराबाई

मोना, खालचं मी माझं लिहिते. पेन आला तेव्हा आई चुलीजवळ होत्या. मी झाकण फिरवलं. फोनवरचं काही ऐकू न येणाऱ्या बाईनं ते ऐकलं आणि हातातला गोळा तसाच घेऊन दारापर्यंत गेल्या. बाहेर बघत उभ्या राहिल्या. मी म्हणाले, आई, कोण आलंय? तर म्हणाल्या, फिरव, थांबू नको. तेव्हापासून रोज सकाळी मला झाकण फिरवायला लावतात. माझा हात थांबला की उठून दारात जातात. जेवण निम्म्यावर आलंय. जुन्या बायकांत काही बोलणं आहे, पण मला कुणी सांगत नाही.
– तुझी आई, कांता


जुना जालना
५ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस सविनय जयभीम.

वि. वि. आईनं लिहिलेलं वाचलं. माझ्या पेनानं तुला त्रास झाला, हे मला सहन होत नाही. कुरकुरीचा बंदोबस्त केला. इथल्या अकराही पेनांच्या आट्यांना मेण चोळलं. आता झाकण लोण्यात फिरल्यासारखं फिरतं, बिलकुल आवाज नाही. एक तसा पाठवते. पहिला मोडून टाक, कपाटात घाल, हवं ते कर.

बाईंना मी अजून काही कळवलेलं नाही. त्या वीस तारखेला जालन्यात येतात. तू नको म्हणालीस तर नाही देणार, लेथचं माझं मी बघेन. पण खरं सांगते, आजी, रडू येतं. हाताला वळण आत्ता कुठं लागलंय. निदान का नको, तेवढं तरी सांग. मी लहान नाही आता.

तुझ्या शब्दाची वाट बघते.

मोनाली


कुंभार पिंपळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मोनालीस आजीचा जयभीम.

वि. वि. तुझा गप्प पेन आला. कांतानं झाकण फिरवलं. काहीच ऐकू आलं न्हाई, आणि मी ताटावरून उठून दारात पळाले. तवा ठरवलं, आता सांगायचं. कांताला म्हणले, आज माझं तोंड धुवू नको, निघेल तसं लिही.

तुला एक आत्या होती. द्वारका. तापानं गेली असं घरात सांगितलेलं आहे. तुझ्या बापालाही तेच ठाऊक, तो तवा पाळण्यात होता. ते खोटं आहे. दुष्काळाचं साल होतं, वस्तीच्या विहिरीचं पाणी तळाला गेल्तं. द्वारका चौथीत. तिचा त्या दिवशी पेपर होता. म्हणली, माय, आज शाळेत जल्दी जायचं. मी म्हणले, आधी दोन घागरी आण, शाळा काय पळून जाते का.

विहीर दारापासून वीस पावलं. मी भाकरी करून राह्यल्ते. रहाटाची कुरकुर आत ऐकू यायची. एक घागर वर आली. दुसरी खाली सोडली. कुरकुर चालली, मंग बंद झाली. मला वाटलं, पोरगी वाकून पाण्यात तोंड बघत बसली. बसल्या जागेवरून शिवी घातली. तव्यावरची भाकरी भाजून घेतली, अजून एक थापली, तीही भाजली. दोन भाकरी, मोनाली. मंग उठले.

तुझ्या आजोबानं रहाट उतरवून कणगीमागं टाकला. जाळा म्हणले तर जाळला न्हाई, फेका म्हणले तर फेकला न्हाई. आम्ही दोघं त्यावर पुन्हा बोललो न्हाई. तू लाकूड मागितलंस तवा वाटलं, पोरीच्या यंत्रात जाऊन ह्याची कांडी कांडी होईल आणि मी सुटेन. अशी तुझी आजी चतुर. पहिल्या पेनाची कुरकुर ऐकली आणि पाय आपोआप दारात गेले. मला वाटलं, मी त्या कुरकुरीला भ्याले. तूही तेच समजलीस आणि मेण लावलंस. तुझा गप्प पेन आला तवा उमगलं. कुरकुर चालू होती तवर लेक काठावर उभी होती. मला भ्याव आहे ते बंद होण्याचं.

तुझी आई रडून राह्यली. अक्षर फिसकटलं असेल तर समजून घे. पन्नास वर्षं मी एकटी ऐकत होते, आता आम्ही दोघी ऐकतो.

तर आता माझा सल्ला. समद्या पेनांचं मेण काढ. दोन्ही पेन मी परत पाठवते, बारा बराबर भरतील. बाईला दे आणि तुझा लेथ घे. लेथ आला की मला न्यायला ये, मला तो चालताना बघायचा आहे. आवाज मोठा असतो म्हणतात, मंग मलाही ऐकू येईल. गोष्टीचे दोन हजार घेऊ नको. द्वारकेला विकायचं न्हाई. कार्डावर नुसतं बाभूळ लिही. बाईला एवढंच सांग की हे पेन डबीत ठेवायचे न्हाईत, वाटायचे. ज्याला दिला त्यानं रोज उघडायचा, रोज लिहायचं. कुरकुरला म्हणून मेण लावायचं न्हाई. ती घासाघीस करील. किंमत पाहिजे तेवढी उतरव, ही अट उतरवू नको.

जेवत जा. आमच्यावर जीव ठेव, आम्ही तुझ्यावर ठेवूनच आहोत.

तुझी आजी, द्वारकेची माय,
चतुराबाई