कानबाईचं तोरण आणि आठ हजार फुल्या

२६ जून १९३८, रविवार. धुळे.
मोठी बातमी. यंदा आमच्या भाऊबंदांची कानबाई, श्रावणात मांडतो ती आमची देवी, ७ ऑगस्टला आमच्या घरी बसणार. आजवर ती शिंदखेड्याला, माझे चुलतभाऊ पितांबरभाऊ यांच्याकडे बसत आली. झुलालआबा घराण्यात वडीलधारे. त्यांचा निरोप आला, यंदा गिरधरकडे करून पाहू, नीट झालं तर पुढेही तिथेच. सौ. इतकी हरखली की वरणात मीठ दोनदा पडलं.

संध्याकाळी तिने पुण्याच्या एका मासिकातलं पान दाखवलं. दारावरच्या तोरणाचं डिझाइन, फुलीच्या टाक्यांनी भरायचं. मध्ये कलश, दोन्ही बाजूंना तीन-तीन पोपट. म्हणाली, हे मी भरते. पान मी काढून घेतलं. हे चौकोन मोजण्याचं काम. वखारीत बारा वर्षं आकडे कोण मांडतोय? लगेच आबांना कार्ड टाकलं: तोरण मी जातीने भरणार.

२७ जून, सकाळी ६.
प्लॅन तयार. आडवे चौकोन २१६, उभे ४०. एकूण फुल्या ८६४०. दिवस ४१. रोज २११. मिनिटाला चार धरल्या तरी रोज तासाच्या आत काम खलास. खरं तर वीस जुलैलाच संपेल. मग दिवाळीसाठी दुसरं घ्यावं. संक्रांतीसाठी तिसरं.

३ जुलै, रविवार.
कापड आणलं. दुकानदार बारीक विणीचं दाखवत होता. मी जाड घेतलं. भोकं स्वच्छ दिसली पाहिजेत. दाराच्या मापाचं, चार फूट.
मासिकात सूचना आहे की कापड दुमडून मध्य काढावा व तेथून आरंभ करावा. काहीतरीच. पत्र काय आपण मधून लिहायला घेतो? डाव्या कोपऱ्यापासून सुरू केलं.
आज फुल्या ११. उजेड कमी होता.

५ जुलै.
मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. डिझाइन चांगलं आहे, पण पोपटांच्या चोची सुधारता येतील. सुधारित नमुना माझ्या नावाने छापावा. पत्राला दोन तास लागले. फुल्या शून्य.

१० जुलै, रविवार.
एकूण ९६. सौ. म्हणाली, काही फुल्यांचा वरचा टाका इकडे कलतो, काहींचा तिकडे. मी सांगितलं, पोपटाची पिसं काय कवायत करतात? ती उठून चुलीकडे गेली. पटलं असावं.
नवीन रेट: रोज ३०५.

१७ जुलै.
बसवत नाही. सुई ओवली की उठावंसं वाटतं. उठलं की तोरण आठवतं. मग येऊन बसतो, तर दोरा गुंतलेला. चहा तीनदा झाला. मान धरली. दोष खुर्चीचा.
संपादकांचं उत्तर नाही. विचार चालू असणार.

२४ जुलै.
एकूण ७००. सौ. म्हणाली, बाजारमा तयार तोरण भेटस, इकत लई या. नाहीतर मला द्या, मी रात्रीतून जेवढं होईल तेवढं भरते. मी साफ नकार दिला. आबांना शब्द दिलाय. विकतचं लावलं तर भाऊबंद काय म्हणतील? कानबाई परत शिंदखेड्याला जाईल, आणि हिचंच तोंड उतरेल. हिच्यासाठीच तर हे सगळं चाललंय.

३१ जुलै, रविवार.
एकूण ११००. काळजीचं कारण नाही. उद्या नागपंचमी, शेठजींनी सुट्टी दिली आहे. सबंध दिवस. पहाटे चार ते रात्री नऊ, जेवणाची सुट्टी वजा. उद्या एका दिवसात चार हजार.
त्यासाठी आज हाताला पूर्ण विश्रांती दिली. दुपारी झोपलो.

१ ऑगस्ट, सोमवार. पहाटे ४.३०.
सुया नाहीत. कात्री नाही.
सौ.ने रात्रीच उचलून ठेवल्या. म्हणाली, आज नागपंचमी शे, सुईले हात लावू नका. नागपंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, हे लहान पोराला ठाऊक. मलाही ठाऊक. आमच्या आईने आजच्या दिवशी तुटलेलं बटणसुद्धा कधी लावलं नाही. सुट्टीच्या आनंदात सुट्टी कशाची हेच विसरलो.
दिवसभर दारात येरझाऱ्या. बायका वारुळाला गेल्या, आल्या. मी आपला रिकाम्या हाताने.

४ ऑगस्ट.
आज सहज कापडाचे चौकोन मोजले. आडवे ९६. डिझाइनला हवेत २१६. पुन्हा मोजले. ९६.
म्हणजे जाड कापडावर कलश मावणारच नाही. नुसते तीन पोपट, तेही सगळे एकाच दिशेला तोंड करून. त्यांतला आजवर एक भरून पूर्ण, दुसरा मानेपर्यंत.
सौ.ला सांगितलं नाही. नव्या पद्धतीचं डिझाइन म्हणून चालून जाईल.

७ ऑगस्ट, रविवार.
घर भरलं. शिंदखेड्याहून बठ्ठे, एकूण एक, आले. सौ.ने घरीच दळलेल्या गव्हाचे रोट, पुरण, चौरंग, फुलं, सगळं वेळेवर. तोरण राहू द्या, आंब्याची पानं पुरेत, असं ती हळूच म्हणाली होती. मी ऐकलं नाही. स्टुलावर चढून स्वतः बांधलं.
भिकुबाई वहिनी, पितांबरभाऊंच्या सौ., दारात थबकल्या. विचारलं, हाई काय शे? केळीना घड शे का?
आबांनीही मान वर केली. तोरण कोनी भरं?
मी तोंड उघडणार, एवढ्यात सौ. म्हणाली, मी भरं, आबा. नीट नही जमनं.
आबा म्हणाले, पण कार्डमा तर गिरधरनी लिखेल व्हतं. सगळी पडवी हसली. सौ. हसली नाही. ती आत रोटांकडे गेली.

८ ऑगस्ट, सोमवार.
विसर्जन झालं. निघताना आबांनी सौ.ला बोलावून सांगितलं: पुढला साले बी कानबाई आठेच. बठ्ठं तुनं हातनं शे. फक्त याले काही काम सांगू नको.
कानबाई राहिली. सौ. रडली, आनंदाने. मलाही आनंद झाला. मग एकटा बसल्यावर फार वाईट वाटलं. ज्या कामाचं पान तिच्या हातातून ओढून घेतलं, त्याची लाज मात्र तिने स्वतःच्या नावावर घेतली. हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मी काहीतरी वेगळंच लिहीन.

९ ऑगस्ट, मंगळवार.
तोरण उसवायला घेतलं. सौ. समोर बसून दोरा गुंडाळत होती. एक पोपट, दुसऱ्याचं धड, सगळं निघालं. मध्ये एकदाही उठलो नाही. पावणेतीन तासांत काम पूर्ण.